ओसरीवरून : वृद्धव्यवहार आणि बोलके यंत्र

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक तंटा उपस्थित झाला. तो अद्यापि पुरता मिटलेला नाही, म्हणूनच ह्या खेपेस त्याजविषयी लिहावयाचे योजिले आहे. ‘ओसरी’ हा शब्द ह्या सदरापुरताच खरा, हे जुन्या वाचकांस ठाऊक आहेच. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ आमचे बिऱ्हाड. तेथे ओसरी कोठली? चार हात रुंदीची एक गॅलरी आहे, तीत माझी आरामखुर्ची व सौ.ची तुळस ह्यांचा कसाबसा समावेश होतो.

तंट्याचे मूळ आमची धाकटी नात. वय वर्षे अडीच. चिरंजिवांनी तिच्यासाठी जुन्या मोबाईलमध्ये एक बोलके यंत्र बसवून दिले. मुलाने काहीही विचारावे, यंत्राने मराठीत उत्तर द्यावे. गोष्ट सांग म्हटले की गोष्ट सांगावी, पुन्हा सांग म्हटले की पुन्हा सांगावी. दोन दिवस सर्वांनी कौतुक केले. तिसऱ्या दिवशी सौ.ने स्वयंपाकघरातून सवाल टाकला, “घरात पाच माणसे असता पोरीला डबीशी बोलायला लावता?” त्यावर सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “आई, दुपारी तुम्ही जरा पडता, बाबा वाचीत बसतात, आम्ही दोघे सात वाजता घरी येतो. मग तिने बोलावे तरी कोणाशी?”

‘बाबा वाचीत बसतात’ हे शब्द मला लागले, कारण ते खरे होते. त्याच्या आदल्याच दिवशी ही पोर माझ्या खुर्चीचा हात धरून एकेका वस्तूकडे बोट दाखवून “हे काय?” असे विचारीत होती. दहाबारा वेळा मी सांगितले, मग पुस्तकातून डोके वर न काढताच म्हणालो, “आता गप्प बस पाहू!” छत्तीस वर्षे मुलांना शिकविण्यात घालविलेल्या माणसाचे हे उद्गार! ती गप्प बसली, आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीतून त्या यंत्राचा गोड आवाज येऊ लागला. त्या यंत्रास ‘गप्प बस’ म्हणता येत नाही, हा त्याचा गुण मानावा की दोष, हे मला त्या क्षणी ठरविता आले नाही.

तंट्यात पडण्यापूर्वी विषय वाचावा ही माझी जुनी सवय. चिरंजिवांनी मला एक यादी आणून दाखविली. अमेरिकेतील ‘टाइम’ हे नियतकालिक सन २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील शंभर प्रभावी व्यक्तींची नावे प्रतिवर्षी प्रसिद्ध करीत असते. पहिल्याच वर्षी तीत सॅम ऑल्टमन, डेमिस हसाबिस अशी कंपन्यांच्या धुरीणांची नावे होती, तशीच जेफ्री हिंटन ह्यांच्यासारख्या आजन्म अध्यापन-संशोधन केलेल्या वृद्ध गृहस्थांचेही होते. ह्या हिंटनसाहेबांना पुढे २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मधले नाव एव्हरेस्ट. आपल्या देशाची मोजणी करणारे जॉर्ज एव्हरेस्ट, त्यांची पुतणी मेरी, तिचे पती जॉर्ज बूल, ज्यांच्या बीजगणितावर सगळे संगणक चालतात, आणि त्या दांपत्याच्या कुळात पाचव्या पिढीला हे हिंटन. कुळकथेची आवड असणाऱ्या वाचकांसाठी एवढे सांगितले. मूळ विषयाशी तिचा संबंध नाही.

मूळ विषय असा की, यंत्रास बोलावयास शिकविणाऱ्यांपैकी मूल बोलावयास कसे शिकते ह्याचा विचार कोणी केला होता काय? माझ्या तंट्याचा निकाल मला त्याच्यापाशी मागावयाचा होता.

पहिले नाव निघाले ते ॲलन ट्युरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाचे. १९५० साली ‘माइंड’ ह्या तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकात त्याने एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की, प्रौढ माणसाच्या बुद्धीचे यंत्र घडविण्यापेक्षा बालकाच्या बुद्धीचे घडवावे आणि मग त्यास शिक्षण द्यावे. बालकाच्या मनाला त्याने बहुतेक कोऱ्या वहीची उपमा दिली आहे. पहिली इयत्ता ज्याने शिकविली आहे असा मनुष्य ही उपमा देणार नाही. परंतु ट्युरिंग हा मोठा प्रामाणिक लेखक. तोच पुढे कबूल करितो की, ह्या बालक-यंत्रास पाय नसणार, तेव्हा ‘बाहेर जाऊन कोळशाची बादली भरून आण’ असे त्यास सांगता येणार नाही. तरी शिक्षण अडत नाही, आणि त्याचे उदाहरण म्हणून तो हेलन केलर हिचे नाव घेतो. त्या उदाहरणाकडे मी नंतर येईन.

दुसरे नाव निघाले ते आमच्या घरापासून फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावरचे, आणि आम्हां मुंबईकरांपैकी किती जणांस ते ठाऊक असेल ह्याची मला शंका आहे. रंगस्वामी नरसिंहन. जन्म मद्रासेस १९२६ साली. स्थापत्याचे नव्हे, तारायंत्र-दूरसंदेशाचे शिक्षण. मग अमेरिकेत जाऊन गणितातील डॉक्टरेट. आणि १९५४ साली होमी भाभा ह्यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल. तेथे पंचविशीच्या आगेमागे असलेल्या मूठभर तरुणांनी, ज्यांपैकी कोणीही तोवर असले यंत्र बांधलेले नव्हते, एक संगणक बांधावयास घेतला. १९५६ साली त्याची लहान प्रायोगिक प्रत चालू झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथ येथे मॅकार्थी, मिन्स्की प्रभृती मंडळी जमली होती, ज्या सभेपासून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रूढ झाले. म्हणजे तिकडे नामकरण चालले असता इकडे मुंबईत पाळणा बांधणे चालू होते. पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कार्यास लागले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणशक्ती २०४८ शब्दांची. आज नातीच्या त्या जुन्या मोबाईलपुढे हा आकडा सांगण्यासही संकोच वाटावा! १९६२ साली संस्थेच्या कुलाब्यातील इमारतीच्या उद्घाटनास पंडित नेहरू आले, तेव्हा त्यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

त्या संस्थेत त्याच काळी आणखी एक व्यक्ती होती, आणि ती आपली मराठी. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याहून दख्खनच्या राणीने येऊन गणिताचे काम करीत व १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढीत; संस्कृतज्ञांस त्यांचा परिचय त्या आवृत्तीमुळे आहे. परंतु १९४३ साली, ते फर्ग्युसन कॉलेजात असता, त्यांनी गणिताच्या एका नियतकालिकात एक निबंध लिहिला होता. गुंतागुंतीच्या अनेक नमुन्यांतून थोडीशी मूळ रूपे काढावयाची आणि त्यांच्या मिश्रणाने पुन्हा सर्व नमुने उभे करावयाचे, अशी काहीशी ती रीत. पुढे हीच रीत कारहुनेन आणि लोव्ह ह्या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली व त्यांच्याच नावाने ती जगात चालली. १९८० नंतर संगणकास माणसांचे चेहरे ओळखावयास शिकविण्याचे जे प्रारंभीचे यत्न झाले ते ह्याच रीतीवर. अलीकडे काही ग्रंथकार कोसंबींचे नावही त्यास जोडू लागले आहेत. ज्यांनी क्षेत्र घडविले त्यांची यादी करणे किती बिकट असते, ह्याचा हा एक दाखला. पण मला नरसिंहनांकडे परत गेले पाहिजे.

१९६१ ते १९६४ नरसिंहन अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. तेथे त्यांच्यापुढे प्रश्न होता अणूंतील सूक्ष्म कणांच्या मार्गांची हजारो छायाचित्रे यंत्राकडून वाचवून घेण्याचा. त्यांनी युक्ती केली ती व्याकरणाची. वाक्य जसे पदांचे, पद जसे वर्णांचे, तसे चित्र हे रेषा, टोके व सांधे ह्यांचे. त्यांच्या रचनेचे नियम सांगा, म्हणजे यंत्रास चित्र ‘वाचता’ येईल. चित्रास व्याकरण असू शकते हा विचार ज्याने अष्टाध्यायी घोकली आहे त्यास गुदगुल्या करणारा आहे. ह्या कामाने त्यांचे नाव जगभर झाले. ते परत आले, १९६५ साली संगणक-अभ्यासकांची देशव्यापी संस्था निघाली तिचे पहिले अध्यक्ष झाले, १९७७ साली पद्मश्री झाले. त्यांच्या हाताखालून निघालेल्या रमणी ह्यांनी पुढे जुहूस सरकारी संशोधन केंद्र चालविले. १९८९ साली ह्या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद त्या केंद्राने मुंबईत भरविली.

हे सर्व सन्मानाचे झाले. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. चित्रांना व्याकरण देणारा हा गृहस्थ उत्तरायुष्यात भाषेच्या बाबतीत मात्र म्हणू लागला की, व्याकरण हे भाषेचे मूळ नव्हे. भाषा हे एक वर्तन आहे. मनुष्य बोलतो ते काहीतरी घडवून आणण्यासाठी : मागण्यासाठी, नाकारण्यासाठी, थांबविण्यासाठी, बोलाविण्यासाठी, आणि मूल ते शिकते वडील माणसांबरोबरच्या देवघेवीत. १९८१ साली त्यांनी ह्याच विचाराचे पुस्तक लिहिले, १९९८ साली दुसरे. त्यांचे सहकारी वैद्यनाथन ह्यांनी तामिळ घरांतील लहान मुले प्रश्न कसा विचारू लागतात आणि ‘नाही’ कसे म्हणू लागतात, ह्यांचा तपशीलवार अभ्यास करून तो १९८८ व १९९१ साली परदेशी नियतकालिकात छापला. विचार करा : कुलाब्याच्या त्या समुद्रकाठच्या वास्तूत, जेथे अणूचे व आकाशातील किरणांचे संशोधन चालते, तेथे कोणी मन लावून अभ्यासीत होते ते आईने ‘हे घे’ म्हटल्यावर मूल काय करिते ते!

हे वाचले आणि मी खुर्चीतून उठून बसलो, कारण हा सिद्धांत मी विद्यार्थिदशेत शास्त्रीबुवांपाशी शिकलो होतो. आपल्या मीमांसकांनी व नैयायिकांनी त्यास ‘वृद्धव्यवहार’ म्हटले आहे. येथे वृद्ध म्हणजे केवळ म्हातारा नव्हे, तर ज्यास भाषा येते तो. घरातील वडील माणूस दुसऱ्यास म्हणतो, ‘गाय आण’. तो दुसरा जाऊन एक प्राणी घेऊन येतो. बाजूस बसलेले मूल हे पाहते. त्यास अद्याप कोणताच शब्द कळलेला नाही. एवढेच कळले की ह्या आवाजानंतर ही गोष्ट घडली. पुन्हा वडील म्हणतात, ‘गाय बांध’. मग ‘घोडा आण’. एक शब्द गेला, दुसरा आला. एक क्रिया गेली, दुसरी आली. ह्या घालण्या-काढण्यास शास्त्रात आवाप-उद्वाप म्हणतात, आणि त्यातून ‘गाय’ कोणती, ‘आण’ म्हणजे काय, हे मूल वेगळे करिते. मुलास कोणी शिकवावयास बसलेले नाही, हे ध्यानी घ्यावे. घरातली कामे चालली आहेत आणि मूल तेथे आहे, एवढेच.

अर्थ कळण्याची आणखीही साधने नैयायिकांनी सांगितली आहेत. व्याकरण आहे, कोश आहे. गंमत अशी की, यंत्रकारांनी ही साधने पाठोपाठ वापरून पाहिलेली दिसतात. आधी त्यांनी यंत्रास व्याकरणाचे नियम घातले. मग कोश आले. पवईच्या आय.आय.टी.त पुष्पक भट्टाचार्य ह्यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदीचे व मराठीचे शब्दजाल तयार झाले. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत, तर समानार्थाचे पुंजके केलेले आहेत, म्हणजे अमरसिंहाचीच पद्धत. जन्माने बंगाली अशा विद्वानाच्या हाताखाली मराठी शब्दांची अशी मांडणी व्हावी, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. (हे भट्टाचार्य २०१६ साली भाषा-संगणनाच्या जागतिक संस्थेचे अध्यक्ष होते.)

परंतु आजचे बोलके यंत्र उभे आहे ते तिसऱ्याच साधनावर. त्यास ‘सिद्धपदसान्निध्य’ म्हणतात : माहीत असलेल्या शब्दांच्या शेजारावरून माहीत नसलेला शब्द ओळखणे. ‘आंब्याच्या झाडावर पिक गोड गात आहे’ असे म्हटल्यावर, पिक म्हणजे कोकिळ हे न सांगता कळते. २०१७ साली गूगलमधील आठ संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वाक्यातील प्रत्येक शब्दाने इतर सर्व शब्दांकडे किती लक्ष द्यावे हे यंत्रानेच शिकावे, अशी रचना त्यांनी सांगितली. त्या आठांत पहिले नाव आशीष वासवानी ह्यांचे, आणि निकी परमार ह्या पुण्यात शिकलेल्या. त्या रचनेवर, अफाट मजकूर वाचवून, पुढचा शब्द कोणता येईल हे ओळखण्याचा अभ्यास यंत्राकडून करवून घेण्यात आला. आवाप-उद्वाप येथेही आहे, अब्जावधी वेळा आहे. फक्त गाय नाही. गोठा नाही, दावे नाही, आणि ‘आण’ म्हटल्यावर उठून जाणारा कोणी नाही. शब्दांस शब्दांचाच शेजार.

आता हेलन केलर. आंधळी व बहिरी असलेली ही मुलगी भाषा शिकली, तेव्हा हातपाय-डोळे नसलेले यंत्रही शिकेल, असा ट्युरिंगचा कोटिक्रम. पण ती शिकली कशी? १८८७ च्या एप्रिलात तिची शिक्षिका ॲन सलिव्हन हिने तिला पाण्याच्या पंपापाशी नेले, एका हातावर पाण्याची धार धरली आणि दुसऱ्या तळव्यावर बोटाने ‘पाणी’ हा शब्द अक्षरे जुळवून लिहिला. पाणी होते, हात होता आणि हात धरणारी बाई होती. ट्युरिंगने आपल्या पक्षास साक्षीदार म्हणून जिला बोलाविले, ती उलटतपासणीत आमच्या बाजूने बोलते असे मला वाटते. नरसिंहन २००७ साली निवर्तले. हल्लीची यंत्रे त्यांनी पाहिली नाहीत. पाहिली असती तर ते काय म्हणाले असते हे मी सांगू नये. आजकाल यंत्रास चित्रे दाखविली जातात, आवाज ऐकविले जातात, हातपायही जोडण्याची खटपट चालू आहे. तेव्हा प्रश्न मिटला असे म्हणण्याचा अधिकार कोणासच नाही.

एवढी तयारी करून मी घरच्या न्यायासनावर बसणार, तो निकाल भलत्याच रीतीने पुढे आला. एका दुपारी नातीने त्या यंत्रास सांगितले, “पाणी दे.” यंत्राने फार चांगल्या मराठीत पाण्याविषयी सांगितले : पाणी पावसातून येते, नदीत वाहते, समुद्रात जाते. पोर ऐकत राहिली. पुन्हा म्हणाली, “पाणी दे.” यंत्राने पाण्याचे एक गाणे म्हणू का असे विचारले. मग ती यंत्र तेथेच ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि फुलपात्र वाजवून आजीला म्हणाली, “पाणी दे.” आजी झोपेतून उठली, पाणी दिले आणि म्हणाली, “सांडू नको. दोन्ही हातांनी धर.” त्या शब्दांनंतर दुसरा हात फुलपात्राखाली गेला. मी दारात उभा होतो.

हे मी जेवताना सांगितले तेव्हा सौ.ला विजय झाल्यासारखे वाटले. पण सूनबाईंनी विचारले, “आणि बाबा, आई त्या वेळी घरात नसत्या तर? तुम्ही उठला असता का वाचनातून?” ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या घरी आजी नाही, ज्या घरी आईबाप दोघेही रात्री परततात, तेथे ते यंत्र निदान बोलते तरी. आणि त्यास ‘वाईट’ म्हणावयाचा अधिकार ‘गप्प बस’ म्हणणाऱ्याकडे तर नाहीच नाही. शिवाय ध्रुवावरच्या अस्वलाची हकीकत पोरीला त्यानेच सांगितली. मला ती इतकी रसभरित सांगता आली नसती, हे कबूल केले पाहिजे.

तूर्त ठरले आहे ते असे. यंत्र सकाळी घटकाभर. दुपारी चार ते दिवेलागणीपर्यंत पोर माझ्या स्वाधीन, आणि त्या वेळात मी हाती पुस्तक धरावयाचे नाही. ही शेवटची अट सौ.ने घातली व चिरंजिवांनी लेखी मागितली.

परवा तिला घेऊन भंडारवाड्याच्या टेकडीवरील बागेत गेलो. तेथून माझगाव गोदी दिसते. तिने बोट दाखविले, “आजोबा, ते काय?” मी म्हणालो, “यारी.” ती म्हणाली, “क्रेन.” हा शब्द तिला यंत्राने दिलेला. मी म्हटले, “क्रेन म्हण, यारी म्हण.” “काय करते?” “उचलते.” “काय उचलते?” “लोखंड उचलते. बघ, आता वर चालले.” ते वर जाऊन थांबेपर्यंत ती काही बोलली नाही. मग माझ्यापुढे येऊन दोन्ही हात वर करून म्हणाली, “आजोबा, मला उचल.”

गुडघे हल्ली साथ देत नाहीत; बाकाचा आधार घेऊन उचलले.